बॅटरीचं पाणी

वडिलांना मुतखडा झाला ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. केजच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, बोअरचं पाणी बंद करा, स्वच्छ पाणी भरपूर पाजा. भर दुष्काळात एवढा सल्ला देणाऱ्याच्या धाडसाचं मला कौतुकच वाटलं. आमच्या गल्लीत टँकर यायचा आठवड्यातून एकदा, आणि तेही कुठल्याशा बोअरचंच पाणी. हंडा दोन दिवस ठेवला की तळाला पांढरा थर बसायचा.

मी तेव्हा एका सहकारी संघाच्या पशुखाद्याच्या गोदामात कीपर होतो. आसपासच्या चारा छावण्यांना आमच्याकडून पेंडीची पोती जायची. गोदामाच्या चाव्या माझ्या कमरेला, आणि त्या चाव्यांचं वजन जरा डोक्यातही गेलेलं. नाकावर माशी बसू द्यायचो नाही. हमाल मला टरकून असत आणि त्याचा मला आनंद व्हायचा, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गोदामात विजेवर चालणारी एक फोर्कलिफ्ट होती. हमाल तिला ‘फोरक्लिप’ म्हणत. ती चालवणारे लिंबागणेशकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. वीस वर्षं बायकोबरोबर ऊस तोडून त्यांचा कोयता सुटला होता तो या यंत्रामुळे. पुण्याकडच्या एका कारखान्यात ते हमालीला गेले, तिथं बघून बघून शिकले, आणि इथं ऑपरेटर झाले. खाकी शर्टाला रोज इस्त्री. ऑपरेटर हा शब्द ते फार जपून उच्चारायचे.

जुनी बॅटरी संपली तेव्हा नवी कोणती घ्यायची यावर संघाच्या कचेरीत बैठक बसली. मामांना कुणी बोलावलं नव्हतं. ते दारात उभे राहिले आणि तिथूनच बोलले.

“साहेब, ती नवी लिथियमची घेतली तर तिला पाणी लागत न्हाई. दुष्काळात लई बरं. पन ती वजनाला हलकी आसती. ह्या गाडीत बॅटरीचंच वजन मागं धरून ठेवतं. हलकी बसवली तर मागं लोखंड टाकावं लागंल, न्हाईतर पोती उचलली की गाडी तोंडावर पडंल.”

“आणि शिशाची घेतली तर?” चेअरमननी विचारलं.

“तिचं वजन बरुबर बसतं. पन तिला पाणी पाजावं लागतंय. साधं न्हाई, बॅटरीचंच. आन आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास इसावा. मधीच घंटाभर चार्जिंग लावलं की ती खराब व्हती.”

“मामा, बॅटरी घ्यायचीय, सून नाही बघायची,” मी म्हणालो. सगळे हसले. मामाही हसले. शेवटी शिशाचीच घेतली आणि पाण्याची जबाबदारी मामांनी स्वतःहून अंगावर घेतली.

ती त्यांनी कशी पाळली हे मी रोज बघत होतो. चोवीस कप्प्यांची ती बॅटरी. काचेच्या नळीनं एकेका कप्प्यातलं ॲसिड ओढून ते किती दाट आहे ते बघायचं, वहीत लिहायचं, वरून ओल्या फडक्यानं पुसायचं. पाणी कधीही चार्जिंग झाल्यावरच. नवा हमाल एकदा आधीच घालायला निघाला तर मामा त्याच्यावर खेकसले, “बैलाला जुंपायच्या आधी पाजत्यात, हिला न्हाई! आधी पाजलं की फुगून वर येतं, ॲसिड सांडतं.” हे बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं शुद्ध पाणी, पाच-पाच लिटरच्या पांढऱ्या डब्यांतून बीडहून यायचं. डबे माझ्या कुलुपात. आठवड्याला दोन डबे मी सील तोडून मामांच्या हातात द्यायचो आणि सील नोंदीसाठी ठेवून घ्यायचो. ही पद्धत मीच पाडली होती.

वडिलांना कळ आली की ते भिंतीला डोकं लावून बसत. ओरडत नसत. अशाच एका दिवशी गोदामात डबे मोजताना माझ्या मनात आलं, जिल्ह्यातलं सगळ्यात स्वच्छ पाणी माझ्या कुलुपात आहे आणि ते एक यंत्र पितंय. एवढा विचार पुरला. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक डबा माझ्या कॅनमध्ये ओतला आणि रिकाम्या डब्यात गोदामामागच्या बोअरचं पाणी भरलं. झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी तो डबा मामांना दिला. सील तोडलेलं असायचंच, त्यामुळे त्यांनी काही विचारायचा प्रश्न नव्हता.

एकदाच, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. पुढं पाच महिने दर आठवड्याला दोन डबे.

“ह्या पाण्याला चवच न्हाई रे,” वडील म्हणायचे. “कुठलं आणतूस?”

“बीडचं फिल्टरचं आहे, दादा. दिवसाला तांब्याभर प्यायचं.”

आणि इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी श्रावणबाळ होऊन बसेन. जारचं पाणी केजला विकत मिळत होतं. पहाटे उठून रांगेत उभं राहावं लागायचं, पण मिळत होतं. मी रांगेत उभा राहिलो नाही, एवढंच. कीपर माणूस जार घेऊन रांगेत दिसणं मला कमीपणाचं वाटायचं.

पावसाळा कोरडा गेला तशी बॅटरी दुपारीच दम टाकू लागली. सकाळी पूर्ण चार्ज झालेली गाडी तीन वाजता पोती अर्ध्यावर घेऊन उभी राहायची. कप्पे तापायचे. मामा नळी धुऊन पुन्हा पुन्हा बघत. फडक्यानं जास्त पुसत. चष्मा बदलून आले. एकदा मला म्हणाले, “साहेब, कावून आसं व्हत आसंल? मी तर समदं येळच्या येळी करतूय.”

“मशीन आहे मामा, व्हायचंच,” मी म्हणालो आणि कागदात डोकं घातलं.

कंपनीचा माणूस आला. त्यानं कप्प्यांतला नमुना नेला आणि पंधरा दिवसांनी उत्तर आलं: पाण्यात क्षार आणि लोह आहे, बोअरचं पाणी घातलं गेलं आहे, बॅटरी बदलून मिळणार नाही. चेअरमननी मामांना कचेरीत बोलावलं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मामांनी आपली वही पुढं केली. तारीखवार सगळं लिहिलेलं होतं, कोणत्या कप्प्यात किती पाणी. वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षरच नव्हतं.

“म्हणजे पाणी तुम्हीच घातलं, दुसऱ्या कुणी नाही?”

“मीच घातलं साहेब. पन बोअरचं न्हाई घातलं.”

“मग क्षार आभाळातून पडले का?”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. ते संशयानं पाहत नव्हते. डबे देणारा मी होतो, तेव्हा चांगले डबे दिल्याची साक्ष मी देईन, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मला वडील दिसले, माझी नोकरी दिसली, हमालांसमोर उतरलेलं माझं तोंड दिसलं. खरं सांगायचं तर तेच सगळ्यात आधी दिसलं. मी म्हणालो, “डबे तर सीलबंदच आले होते.” यातला प्रत्येक शब्द खरा होता. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

मामांनी वही मिटली. मग हळू म्हणाले, “मंग माझ्याच हातनं कायतरी झालं आसंल.”

मामांचं काम गेलं. त्या दिवाळीनंतर ते बायकोबरोबर पुन्हा ऊसतोडीला गेले. पन्नाशी उलटलेल्या जोडप्याला मुकादम घ्यायला तयार नव्हता, ओळखीनं घेतलं, असं हमालांकडून कळलं. गोदामात नवी बॅटरी आली, नवा ऑपरेटर आला. वडिलांचा खडाही पडला. ते बरे झाले आणि पुढं आठ वर्षं जगले. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिसला की मी दुसरीकडं बघायचो. मी अपराधी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अपराध माहीत असूनही माणूस जेवतो, झोपतो, वरच्या पदावर जातो, हे मात्र मला नव्यानं कळलं.

वडील गेल्यावर मला लपायला कारण उरलं नाही. एके दिवशी एस.टी.नं आणि पुढं जीपनं मी मामांच्या गावी गेलो. शिव्या खायच्या, मार पडला तर तोही खायचा, असं ठरवून गेलो. मामा घरासमोर शेळ्यांना पाला टाकत होते. कंबरेत वाकले होते. मला ओळखून त्यांनी सतरंजी आणायला सांगितली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: वडिलांचं दुखणं, कॅन, बोअरचा नळ, पाच महिने. रांगेचंही सांगितलं.

मामा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. हातातला पाला तसाच.

“म्हंजी डब्यातच बोअरचं पाणी व्हतं?”

“हो मामा.”

“नळी बरुबर दावत व्हती?”

“बरोबरच होती.”

“मंग माझं कायबी चुकलं न्हवतं?”

“तुमचं काहीच चुकलं नव्हतं, मामा.”

ते खाली बसले. या सगळ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर एकदाही संशय घेतला नव्हता. त्यांनी तो स्वतःवर घेतला होता. आपली नजर गेली, आपल्याला यंत्र जमत नाही, आपण कोयत्याचेच, असं मानून ते परत कुठल्या गोदामाच्या दारात काम मागायला गेलेच नव्हते. बीडच्या एका व्यापाऱ्यानं बोलावलं होतं, त्यालाही नाही म्हणाले होते. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. हिशेब जुळल्यासारखं सांगितलं.

मग ते उठले आणि घराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली. आवाज पार मोकळा झाला होता. मी शिव्यांची वाट बघत होतो आणि ते हसत होते.

“आगं, भाईर ये! साहेब काय सांगाय आल्यात बघ. माझं चुकलं न्हवतं गं. आगं ऐक तरी, माझं चुकलं न्हवतं!”