बंद व्हॉल्व्हमधली हवा

आमच्या प्रयोगशाळेत गळती शोधायची म्हटलं की एकच माणूस, फिटरमामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते. एकतीस वर्षांत आपण जोडलेली एकही नळी गळली नाही, हे ते आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. साबणाचं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन ते सांध्यापाशी असे बसत, की वाटावं नळीला ताप आलाय. दुसऱ्या कुणाच्या सांध्यावर एक बुडबुडा दिसला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला. "गळतीला 'थोडीशी' नसतं!" असं ते ओरडायचे.

माझं काम हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड काढण्याचं. तो चिमूटभर जरी उरला, तरी हायड्रोजनवर वीज करणारा सेल मरगळतो. म्हणून त्यात किंचित हवा मिसळायची आणि सगळं उत्प्रेरकाच्या भुकटीवरून न्यायचं. भुकटी गुणी असेल तर ती मोनॉक्साइड तेवढा जाळते, हायड्रोजनला फारसा हात लावत नाही. चार महिन्यांपूर्वी मी हवेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तरीही दिवसभर मोनॉक्साइड शून्य! माझी भुकटी स्वतःच्या पोटातला ऑक्सिजन देते, असं मी जाहीर करून टाकलं. साहेबांनी पाठ थोपटली, शोधनिबंध छापून आला. उद्या त्याच भुकटीवर, हवेशिवाय, मोठ्या सेलची चाचणी होती.

आज दुपारी मीटर बदलायला मी बंद व्हॉल्व्हच्या पुढची नळी सोडवली आणि सहज, खरंच सहज, तिचं टोक पाण्याच्या ग्लासात धरलं. एक बुडबुडा आला. मग दुसरा. चार महिने हवा झिरपत होती आणि माझी भुकटी चारचौघींसारखीच होती. एवढीशी हवा मोठ्या सेलला पुरली नसती; उद्या तो हकनाक मेला असता.

मी धावत वर्कशॉपमध्ये गेले. शनिवारी मामा निवृत्त होणार होते, ते हत्यारं पुसत बसले होते.

"मामा, तो व्हॉल्व्ह गळतोय!"

"माहीत आहे," ते मान वर न करता म्हणाले.

"कधीपासून?"

"तुमचं शून्य आलं त्याच संध्याकाळपासून. आतली सीट, झडप जिच्यावर टेकते ती, मीच घासून बसवली होती, नीट बसली नाही. सांगायला आलो, तर तुम्ही आईशी फोनवर बोलत होतात. आनंदाने रडत होतात. म्हटलं, उद्या सांगू. मग ते छापून आलं. मग जीभच उचलेना, ताई."

"निदान गुपचूप बदलायचा तरी!"

"बदलला असता तर तुमचं शून्य गेलं असतं."

मला इतका संताप आला की ती हत्यारांची पेटी उधळून द्यावीशी वाटली. एका बुडबुड्यासाठी लोकांना रडवणारा हा माणूस! तिथूनच मी साहेबांना फोन लावला. "उद्याची चाचणी थांबवा," एवढंच बोलले. साहेबांनी कारण विचारलं. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, फिटर बोलतोय. व्हॉल्व्ह मी गळका बसवला आणि चार महिने लपवला. मॅडमना आज कळलं."

साहेबांचा चढलेला आवाज मला बाजूलाही ऐकू येत होता. "आणि तिने एकदाही तपासलं नाही?"

"विचारलं होतं त्यांनी," मामा म्हणाले. "दोनदा. मीच म्हटलं, ठीक आहे."

मी एकदाही विचारलं नव्हतं. मी तिथेच, त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मी काहीही बोलले नाही.