आजींना व्हेनलोला नेलं तो शनिवार

ज्या बाईंमुळे माझं पहिलं पॅरिस बुडालं, त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी हे वाचलं तर त्यांना लगेच कळेल, आणि कळावं अशीच माझी इच्छा आहे.

मी तेव्हा ब्राउनश्वाइगला मास्टर्स करत होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील तालुक्याच्या बाजार समितीत मापाडी, शाळा जिल्हा परिषदेची, आणि पुढचं सगळं कॉलेजातल्या एका सरांमुळे. परदेशातल्या विद्यापीठाला अर्ज कसा करायचा इथपासून व्हिसाच्या मुलाखतीला काय घालून जायचं इथपर्यंत त्यांनी सांगितलं. निघताना पाया पडले तेव्हा म्हणाले, "ड्युसेलडॉर्फला माझी मावसबहीण असते. तिच्याकडे शब्द टाकलाय. ते घर आपलंच समज, आणि माझ्या नावाला बट्टा लावू नकोस." मी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. चूक तिथेच झाली.

विद्यापीठाकडून मिळणाऱ्या सेमिस्टर तिकिटावर जर्मनीभर साध्या गाड्यांनी कुठेही जाता येतं, फक्त वेगवान गाड्यांत बसायचं नाही. मी दर शनिवारी कुठेतरी जायची. ब्रेमेन, गोस्लार, ल्युबेक. पोळीचा रोल, नळाच्या पाण्याची बाटली, आणि पाय दुखले की चर्चमध्ये जाऊन बसायचं, कारण तिथे ऊब असते आणि कुणी काही विकत घ्यायला सांगत नाही. पण बेल्जियम, नेदरलँड, फ्रान्स बघायचं तर ड्युसेलडॉर्फ सोयीचं. बीलेफेल्डला गाडी बदलून मी सरांच्या त्या बहिणीकडे, म्हणजे काकूंकडे जायची, त्यांच्या सोफ्यावर झोपायची आणि सकाळी पुढे निघायची.

निघायची म्हणजे, निघायचं ठरवायची. दार उघडताच काकू म्हणायच्या, "आलीस? बरं झालं," आणि हातात मेथीची जुडी यायची. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आपल्याला काम सांगतात म्हणजे परकं मानत नाहीत. मग एकदा त्यांच्याकडे जेवायला पाहुणे होते. पुऱ्या लाटताना मला बाहेरचं ऐकू आलं, "माझ्या भावाची विद्यार्थिनी आहे. अगदी आतल्या गावातली, पण कामाला वाघ हं! हिला ठेवूनच घ्यावं म्हणते." सगळे हसले. माझ्या तोंडून एकदा 'लई' निघालं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, जर्मन लोकांना काय कळतंय? आपलेच लोक हसतील तुला." त्यांच्या मुलांना स्वतःला मराठीत धड उत्तर देता येत नव्हतं. आजीने जेवायला हाक मारली की आतून "काइने लुस्ट" म्हणजे "इच्छा नाही" एवढंच यायचं. त्यावर कुणी हसायचं नाही.

हे सगळं मी गिळलं, सरांसाठी.

मे महिन्यातल्या लांब सुट्टीत काकूंचं कुटुंब पॅरिसला जाणार होतं. काका, काकू, दोन मुलं. "तूही चल," काकू म्हणाल्या, "फक्त तिकिटांचं तू बघ. तुला ते स्वस्तातलं बरोबर सापडतं." मी आठवडाभर ॲपवर डोळा ठेवून बसले आणि सगळ्यांना एकाच डब्यात जागा मिळवली. वडिलांना सांगितलं, टॉवरखाली उभी राहून व्हिडिओ कॉल करते. त्यांनी ते अख्ख्या मार्केट यार्डाला सांगितलं.

आदल्या संध्याकाळी मी बॅग घेऊन काकूंकडे पोचले. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज मऊ होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"अगं, अडचण झालीय. आईंजवळ थांबणार होती ती माझी मैत्रीण आजारी पडली."

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. दोन महिन्यांपासून कराडहून येऊन राहिल्या होत्या.

"मग आजींनाही नेऊ या," मी म्हटलं.

"छे! त्यांना प्रवास झेपतो का? गुडघे बघ त्यांचे. आणि एकटं ठेवावं तर गॅस बंद करायला विसरतात." त्या घरात गॅस नव्हताच, इंडक्शनची शेगडी होती. "तू आहेस ना इथे? घरचीच आहेस म्हणून हक्काने सांगते. पॅरिस काय पळून जातंय? तुम्ही आजची मुलं, मनात आलं की जाल."

काका फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, "जमत असेल तरच हं."

"माझ्या भावाने तुझ्यासाठी किती केलंय," काकू म्हणाल्या, "तो इथे असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

मी "हो काकू" म्हणाले. स्वस्तातलं तिकीट परत होत नाही. माझ्या सीटवर त्यांची बॅग बसून गेली. हे त्यांच्या धाकट्या मुलानेच नंतर मला सांगितलं, आणि तेही जर्मनमध्ये.

सोफ्यावर पडल्यापडल्या मी सूड शोधत होते. मिठाच्या बरणीत साखर घालावी, वायफायचा पासवर्ड बदलावा, त्यांची मोठमोठी झाडं कुंडीत वाळू द्यावीत. माझी अक्कल तेवढीच चालत होती. वडिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "असू दे, मोठी माणसं आहेत." त्याने राग आणखी वाढला, कारण उद्या यार्डात लोक विचारणार होते आणि उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं.

सकाळी दार बंद झाल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात आजी चहा गाळत होत्या.

"गेले?"

"हो आजी."

"तुझंही तिकीट होतं ना?"

"हो."

"मग राहिलीस कशाला? मी तुझ्या जागी असते तर पळाले असते." माझ्यापुढे कप सरकवून त्या बसल्या. "दोन महिन्यांत मी काय पाहिलं सांगू? खालचं सुपरमार्केट आणि डॉक्टरचा दवाखाना. सून सगळ्यांना सांगत फिरते, आईंचे गुडघे, आईंचे गुडघे. माझे गुडघे ठणठणीत आहेत. लंगडते ती हिची मला न्यायची इच्छा."

तेव्हा मला माझा सूड दिसला. तो समोर बसून बशीतून चहा पीत होता.

"आजी, दुसऱ्या देशात जायचं का?"

"आज?"

"आत्ता. साधी गाडी आहे, थेट जाते. संध्याकाळच्या आत परत."

आजी उठल्या आणि काकांच्या खणातून स्वतःचा पासपोर्ट घेऊन आल्या. "माझाच आहे," त्या म्हणाल्या, "विचारायचं कुणाला?" सुती साडी, वर स्वेटर, पायात नातवाचे जुने स्पोर्ट्स शूज.

मी त्यांच्यावर माया म्हणून त्यांना नेलं, असं आता मला सांगता येईल. खरं म्हणजे मी काकूंच्या नाकावर टिच्चून नेलं. भीतीही वाटत होती. त्या कुठे पडल्या असत्या तर सरांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी लिफ्ट शोधली, गाडीत चढताना त्यांचा दंड धरला, आणि दाराजवळची जागा पकडली. आजींना मात्र कशाचीच फिकीर नव्हती. समोर एक जर्मन बाई कुत्रा घेऊन बसल्या होत्या. आजींनी त्यांना मराठीतच विचारलं, "याचं तिकीट काढलंय का?" बाई हसून "या, या" म्हणजे "हो, हो" म्हणाल्या. आजी मला म्हणाल्या, "बघ, काढलंय."

शेतं गेली, लहान लहान स्टेशनं गेली, मग एकदम पाट्यांवरची भाषा बदलली.

"सीमा कधी येते गं?"

"गेली मागे, आजी."

"मग सांगायचं नाही का! मी नमस्कार केला असता."

व्हेनलोत, सीमेलगतच्या त्या डच गावात, बघण्यासारखं फार काही नाही. आसपासचे जर्मन लोक तिथे कॉफी आणि फुलं घ्यायला येतात. पण शनिवारचा बाजार होता, फुलांचे ढीग होते आणि चालत जाण्याच्या अंतरावर नदी होती. आजींचा शनिवारचा उपास. मी मनातल्या मनात हबकले, इथे साबुदाणा कुठून आणू? त्यांनी गाड्यावरच्या फ्राइजकडे बोट दाखवलं. "बटाटाच आहे ना तो? घे. मीठ कसलं आहे ते विचारू नकोस. आणि तो पांढरा सॉस नको, त्यात अंडं असतं, मला माहितेय."

नदीकाठी बाकावर बसून खाताना त्यांचा फोन वाजला. घराण्याच्या ग्रुपवर काकूंनी फोटो टाकला होता. टॉवर, चौघं, गॉगल. खाली लिहिलं होतं, आई, तुमची खूप आठवण येतेय, गुडघे बरे असते तर किती मजा आली असती.

आजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"माझा काढ," त्या म्हणाल्या. "नदीसकट. आणि उभी असताना काढ, बसून नको."

मी काढला.

"आता लिही. आज नेदरलँडला आले. गुडघे उत्तम. सोबत ही मुलगी आहे. हिचं पॅरिसचं तिकीट असून हिला माझ्यासाठी घरी ठेवून गेले. म्हणून आम्ही दोघी फिरतोय."

मी लिहिलं. एकेक शब्द तपासून लिहिलं. शाळेत निबंधाला पैकीच्या पैकी मिळायचे मला. इतक्या मनापासून मी त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

आजींच्या नाशिकच्या लेकीचं उत्तर पहिलं आलं. "आई, तू चालतेयस? वहिनी तर म्हणाली व्हीलचेअर लागते." मग आजींच्या धाकट्या दिरांचं, "वहिनी, तुमच्यासाठी आम्ही काठी पाठवणार होतो!" मग कुणी चुलत सून, "त्या मुलीला का नाही नेलं?" ग्रुप नुसता फुलत गेला. पॅरिसच्या फोटोकडे कुणी बघेना.

आणि मग माझा फोन. काकू. मी तो मांडीवर ठेवून वाजू दिला. पुन्हा वाजला. आजींनी एक फ्राय उचलला आणि म्हणाल्या, "गार होतील. खा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. मुलं आपापल्या खोलीत गेली, काका बाथरूममध्ये. काकूंनी पर्सही खाली ठेवली नाही.

"आईंना काही झालं असतं तर? कुणाला विचारून नेलंस?"

"मला विचारून," आजी म्हणाल्या. त्या जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत होत्या.

"तुम्ही थांबा हो आई. हिला मी घरात घेतलं, सोफा दिला, खाऊपिऊ घातलं, आणि हिने मला सगळ्या नातेवाइकांत उघडं पाडलं. आत्ता फोन लावते माझ्या भावाला. कळू दे त्याला, कसली मुलगी पाठवलीय त्याने."

याचीच मला सुरुवातीपासून भीती होती. सरांच्या मनातून उतरले तर माझ्याकडे दुसरं काय होतं? पण मला हेही दिसलं की काकू फोन काढत नव्हत्या, नुसत्या पर्स चाचपत होत्या. म्हणून मीच लावला. स्पीकर चालू केला आणि फोन लसणाच्या टरफलांशेजारी ठेवला.

"काय गं," सर म्हणाले, "पाहिलंस का पॅरिस?"

"नाही सर. काकू सांगतात तुम्हाला."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. आजी सोलत राहिल्या.

"हॅलो? ताई?"

"अरे हो... काही नाही रे. आयत्या वेळी अडचण झाली, मग ही थांबली आईंजवळ."

"म्हणजे तिला नेलंच नाहीस? तिकिटं तर तिनेच काढली होती ना?"

"हो, पण तीच म्हणाली, मी थांबते. फार गुणी मुलगी आहे. आईंना फिरवूनसुद्धा आणलं तिने."

"कुठे?"

"नेदरलँडला," आजी मोठ्याने म्हणाल्या.

मग सर मला म्हणाले, "फोन घे." मी स्पीकर बंद करून कानाला लावला. "पोरी, काय झालं असेल ते आलं माझ्या लक्षात. पण मोठ्या माणसांना असं कोंडीत पकडू नये."

"हो सर," मी म्हणाले. सरांपुढे मी खोटं बोलले ते तेवढंच. मला पकडायचंच होतं, आणि काकूंच्या तोंडून 'गुणी मुलगी' ऐकताना जे सुख झालं ते पदवीदान समारंभातही झालं नाही. सरांची मी जन्माची ऋणी आहे. त्यांच्या मावसबहिणीची नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे कळायला मला ड्युसेलडॉर्फच्या सोफ्यावर बऱ्याच रात्री काढाव्या लागल्या.

पॅरिस मी त्याच उन्हाळ्यात पाहिलं, एकटीने, हॉस्टेलच्या आठजणींच्या खोलीत राहून. वडिलांना टॉवर दाखवला. ते म्हणाले, "गंजलाय का गं तो?" तो फोटो मी काकूंना पाठवला, खाली एक अक्षरही न लिहिता.

व्हेनलोनंतरच्या सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा काकूंनी आजींच्या देखत मला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरून दिला. काचेचा, चार बाजूंनी खटके असलेला. पुऱ्या उत्तम होत्या. हॅनोव्हर यायच्या आत मी सगळ्या खाल्ल्या. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. मी तो रिकामाही दिला नाही आणि भरलेलाही नाही. माझ्या खोलीत त्यात आता शेंगदाण्याचं कूट असतं. काकूंनी एकदा मेसेज केला होता, तो सेटमधला आहे, त्याचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. मी वाचला, निळी खूण उमटू दिली, आणि उत्तर दिलं नाही.