भाजीचं पाणी

आमच्या आईनं आयुष्यात फेकलेल्या वस्तूंची यादी करायची म्हटली तर पोस्टकार्डसुद्धा मोठं पडेल. मुळ्याचा पाला, फुलकोबीचे दांडे, मेथीच्या जाड काड्या, सगळं तिच्या हातून पातेल्यात जातं. मटारची सालंसुद्धा. सालीच्या आतला कागदासारखा पापुद्रा ती नखानं सोलून काढते आणि उरलेल्या हिरव्या सालीची चण्याची डाळ घालून भाजी करते. बाहेरचा माणूस मिटक्या मारत खातो आणि भाजी कशाची होती ते विचारतो. मला लहानपणी याची भयंकर लाज वाटायची. मैत्रीण जेवायला येणार असली की मी आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची झाकणं उघडून बघायचे आणि आईशी भांडायचे. भांडणात मी नेहमी हरायचे, कारण भाजी खरंच चांगली असायची.

हिवाळा हा तिचा खरा मोसम. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाला हात लावला की बोटं बधिर होतात, पण बाजार हिरवागार असतो. दिवस बुडताना भाजीवाल्यांना घरी जायची घाई होते, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, ढिगानं देऊन टाकतात. आई नेमकी त्या वेळेला पिशवी घेऊन निघते. आमचं घर जुन्या ले-आउटमधलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची. थंडीत आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, संध्याकाळपासून स्वयंपाकघरातच बसायचो, कारण घरात ऊबदार तेवढी एकच खोली. आई तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायची. शेंगा परातीत ओतल्या की वाफेनं बाबांचा चष्मा पांढरा व्हायचा, आणि तो पुसायचीही वाट न बघता ते आंधळ्यासारखे चाचपडत सोलायला लागायचे. शेंगा संपल्या की त्यांचं खारट, मातकट पाणी आई तीन वाट्यांत ओतायची. "सारी ताकद पाण्यातच असते," हे तिचं ठरलेलं वाक्य. आम्ही मुकाट्यानं प्यायचो. मला ते पाणी आवडायचं, हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही.

चार हिवाळ्यांपूर्वी बाबांच्या किडन्यांनी हात टेकले. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की ते थेट हृदयावर येतं. म्हणून संत्रं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद. पालेभाजी आणि बटाटा द्यायचाच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायचा. मी सगळं लिहून घेतलं, घरी येऊन मोठ्या अक्षरात कागदावर उतरवलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

आईनं कागद वाचला. "पाणी काहून फेकाचं वं?"

"डॉक्टरनं सांगितलं म्हणून. फेकायचं म्हणजे फेकायचं."

"बरं."

मी घाईत होते. मी कामठीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सकाळचा शेअर ऑटो चुकला की पहिला तास गेलाच म्हणून समजा. सहावीच्या वर्गात दरवर्षी मी काचेच्या ग्लासात मीठ ढवळून दाखवते, ते दिसेनासं झालं तरी पाण्यातच असतं हे पोरांकडून तीनतीनदा वदवून घेते. आईला तेवढंच सांगायला मी पाच मिनिटं काढली नाहीत. ती बरं म्हणाली, मी चपला घातल्या.

बाबांचं गाव पारशिवनीकडचं. तिथून त्यांचा चुलतभाऊ दर हिवाळ्यात एसटीनं संत्र्यांची पेटी पाठवतो. बाबा संत्र्यांचे वेडे होते, दुसरा शब्द नाही. गच्चीवर उन्हात पाठ करून बसायचे आणि एका बैठकीत सहा संत्री संपवायचे, बिया धोतऱ्याच्या झाडाकडे नेम धरून थुंकायचे. त्या वर्षीही पेटी आली. मी ती दारातूनच शेजाऱ्यांना वाटायला निघाले होते. आईनं निम्मी ठेवून घेतली. "आपण दोघी खाऊ ना," म्हणाली. सालं तिनं नेहमीसारखी सुपात घालून गच्चीवर वाळत टाकली, थोडी उटण्याला, थोडी शेगडीत टाकून मच्छरांना धूर करायला. सगळ्या घराला संत्र्याचा वास सुटला होता आणि त्या घरात एका माणसाला संत्रं खायची बंदी होती.

डिसेंबरच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय येतंय? मी बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. पंधरा दिवसांनी आकडा आणखी वर गेला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांचा स्वेटर धुवायला काढताना माझा हात खिशात गेला. आत वाळलेल्या सालीचे दोन तुकडे होते.

पुढचं लिहिताना अजूनही मला माझाच राग येतो. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिले, वर्गात उभी राहते तशी.

"हे काय आहे?"

"साल आहे बेटा. वास घेतो."

"आणि आतलं?"

"फक्त वास घेतो. मी संत्रं नाही खाल्लं वं."

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं मागच्या टपरीवर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन येतात. मी त्यांचा हात धरून बोटं हुंगते. त्यात माझा हातखंडा आहे. मी बाबांचा हात धरला आणि बोटं हुंगली. वास होता. सालीचा असणारच, पण मला तेवढं पुरलं. आई ओट्याशी उभी होती, ती वळून म्हणाली, "काहून खोटं बोलता? पोरगी मरून राहिली तुमच्यासाठी." बाबांनी हात सोडवून घेतला, मफलर कानावर ओढला आणि त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, कबूल केलं.

मग मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त केला. उरलेली संत्री कपाटात कुलूप लावून ठेवली. गच्चीवर सालं होती म्हणून बाबांचं गच्चीवर जाणं बंद केलं. कडाक्याच्या थंडीत त्या माणसाला ऊन तेवढंच मिळत होतं, ते मी काढून घेतलं. ते दिवसभर स्वयंपाकघरात गॅसजवळ बसायचे. आई त्यांच्यासाठी जीव ओतून रांधायची. पालक चिरून, उकळून, पिळून, तिखट कमी करून द्यायची. पातळ गरम वरण द्यायची. बाबांचे खालचे दात गेले होते, तरी पोळी दोन्ही वेळेला संपवायचे. "तुह्या पोळ्या आजकाल लई मऊ होतात," असं ते आईला म्हणायचे आणि आई खूश व्हायची. तेव्हा मला ते दृश्य बघून बरं वाटायचं. बाहेर धुकं, आत वाफ, दोघं म्हातारे समोरासमोर. मी मनात म्हणायचे, निदान खाणं तरी ताब्यात आहे.

संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनी सकाळी डायलिसिसला निघायचं होतं. मी खाली बसून त्यांना मोजे घालत होते. एक मोजा घातला आणि दुसरा पाय उचलेना. वर बघितलं तर मान खांद्यावर पडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पोटॅशियम वाढून हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. दारातच गळ्यात पडून विचारू लागली, असं कसं झालं, परवा तर फोनवर बोलला. अंगणात सगळं ले-आउट गोळा झालेलं. मी रडत रडत सांगितलं, "चोरून संत्री खायचे. किती सांगितलं, ऐकलं नाही." पन्नास माणसांसमोर मी हे बोलले. माणूस आत जमिनीवर ठेवलेला होता.

महिना उलटला. फेब्रुवारीतला रविवार होता, मी घरी होते. आई पालकाची पातळ भाजी करत होती. भाजी उकळून घ्यायची सवय तिच्या हाताला लागली होती, बाबा गेले तरी सुटली नव्हती. तिनं पालक चाळणीत ओतला. खाली पातेलं होतं. मग ते पातेलं उचलून तिनं हिरवं पाणी परातीतल्या कणकेत ओतलं.

"हे काय करून राहिली?" मी विचारलं.

"कणीक भिजवते. काहून?"

"या पाण्यात?"

"मंग? तुह्या बाबाची पोळी मी याच पाण्यात तर भिजवत होती. थोडं वरणात टाकत होती. तुवा कागद लावला होता ना, म्हणून भाजीत थेंबभर नाही ठेवलं. पण इतकं सत्त्वाचं पाणी मोरीत ओताचं? बिमार माणसाले तेच तर लागते." तिनं कणकेत मूठ खुपसली आणि वर अभिमानानं म्हणाली, "म्हणून तर शेवटपर्यंत हातपाय चालले त्याईचे."

मी फ्रिजकडे बघितलं. कागद अजून फ्रिजवर होता, माझ्याच वळणदार अक्षरातला. पाणी फेकायचं, एवढंच त्यावर होतं. का फेकायचं, ते नव्हतं. संत्र्याचं मात्र मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

आईचा हात थांबला. "काही चुकलं का वं?"

तिच्या मनगटापर्यंत कणीक होती. बाबांच्या आजारपणात ती अडीच-तीन महिने पहाटे पाचला उठत होती, त्यांच्या ताटात काय घालू अन् काय नको असं तिला झालं होतं. मी म्हटलं, "नाही. थोडी घट्ट भिजव." दुपारी मी त्या पोळ्या खाल्ल्या. मऊ होत्या, बाबा म्हणायचे तशाच.

डॉक्टरांना विचारता आलं असतं, एवढ्याशा पाण्यानं माणूस जातो का. मी विचारलं नाही, आजतागायत नाही. हो म्हणाले तर आईचं तोंड मी कुठल्या तोंडानं बघायचं? आणि नाही म्हणाले तर मी परत बाबांच्या खिशापाशी जाऊन उभी राहीन, इतकी मी स्वतःला ओळखते. कपाटातली संत्री मात्र नंतर मोजली होती. मी ठेवली तेवढीच होती, सुकून दगड झालेली.

आता आमच्या नात्यात बाबांची गोष्ट ठरून गेली आहे. शिस्तीचा, कमी बोलणारा माणूस, तीस वर्षं सरकारी कचेरीत कधी उशिरा न गेलेला, आणि मेला कशानं, तर जिभेच्या चोचल्यांनी. आत्या कुणाकुणाला हसत हसत सांगते, माझा भाऊ संत्र्यापायी गेला बापा. लोकही हसतात. मी एक वाक्य बोलले तर बाबा सुटतात. ते वाक्य दरवेळी ओठांपर्यंत येतं, आणि समोर आई बसलेली असते, सत्तरी ओलांडलेली, मटारची सालं सोलत. मग मी बाबांना पुन्हा एकदा चोर ठरू देते. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावं लागेल, आणि जो गेला तो उलटून बोलत नाही, हा माझा सगळा हिशेब. मला त्याची शरम वाटते.

गेल्या जानेवारीत बाबांचं श्राद्ध होतं. आत्या आली होती. आईनं सकाळपासून खपून बाबांना आवडायचं ते सगळं केलं, वडे, कढी, पालकाची पातळ भाजी. पोळ्यांची कणीक तिनं माझ्यासमोर भिजवली, त्याच पाण्यात. बाबांच्या फोटोपुढे पान मांडलं. सगळं वाढून झाल्यावर ती आतून एक संत्रं घेऊन आली. पाटावर बसून तिनं ते सोललं, एकेका फोडीची शीर काढली, बिया काढल्या आणि फोडी पानाच्या उजव्या अंगाला गोल मांडल्या. सालं उचलून पदरात घेतली, वाळवायला. मग फोटोकडे बघत, अगदी प्रेमानं म्हणाली, "घ्या. आता खा पोटभर. आता कोणी हात नाही हुंगत तुमचे."

आत्या डोळे पुसत हसली. आईनं माझ्या हातात तांब्या दिला आणि मी खाली मान घालून पानाभोवती पाणी फिरवलं.