गेनू मुकादम आणि आमचं काचेचं दार

सप्टेंबर १९६६ मधला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. हजर माणसं तीन : मी, माझी पत्नी शालिनी आणि माझे वडील अप्पा. व्हरांड्याच्या सरकत्या काचेच्या दारावर तोवर एकोणीस रुपये खर्च झाले होते आणि दार अकरा इंचांपुढे सरकत नव्हतं. गेनूभाऊ मुकादम कार्ल्याहून जुना आंबेमोहोर द्यायला आले होते. तांदूळ मापून झाल्यावर त्यांनी त्या दाराकडे पाहिलं, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि आमच्या फरशीवर चक्क पालथे पडले. एक गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. शालिनीला वाटलं, त्यांना घेरी आली. ती पाणी आणायला धावली.

"पानी नगं, वैनी," जमिनीवरून आवाज आला. "जरा उजेडातनं बाजूला व्हा. रूळ बघतुया."

गेनूभाऊंनी तीस वर्षं घाटातल्या रेल्वेमार्गाची निगा राखली होती. शेवटची अकरा वर्षं गँगचे मुकादम म्हणून. निवृत्त होऊन शेती करू लागले, तरी लोणावळ्याच्या बाजारातल्या सपाट रस्त्यावरसुद्धा ते रुळांखालच्या स्लिपरवरून चालल्यासारखे ठरावीक अंतरावर पाऊल टाकत. त्यांच्याबरोबर चालताना मला दर चौथ्या पावलाला थांबावं लागे. कुठलीही गोष्ट मोडली किंवा बिघडली, असं ते म्हणत नसत. 'खचलंय' म्हणत. त्यांचं घड्याळ खचायचं, कधी जावई खचायचा, निवडणुकीच्या आसपास सरकारही खचायचं.

दार तसं देखणं होतं. सागवानी चौकट, सहा फुटी काच, खाली दोन लोखंडी चाकं आणि उंबऱ्यात बसवलेली पट्टी, तिच्यावरून ते सरकायचं. सुताराने दोनदा येऊन खालून रंधा मारला होता. मी मेणबत्ती घासली होती. शालिनीने खोबरेल तेल घातलं, त्यानंतर मुंग्या मात्र विनासायास ये-जा करू लागल्या.

अप्पांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. काठी धरून ते चालत, पण काठीसकट बाहेर पडायला त्यांना बावीस इंच जागा लागे. मी मोजली होती. व्हरांड्यात बसणं एवढाच त्यांचा विरंगुळा होता आणि त्यासाठी दर वेळी कोणाला तरी हाक मारायची वेळ येई. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. श्रावणात त्यांनी मला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत हे दार मला एकट्याला उघडता आलं नाही, तर मला पुण्याला थोरल्याकडे पोचव. तिथे निदान दारं साधी आहेत." थोरल्याची जागा तिसऱ्या मजल्यावर होती. अप्पा एकदा तिथे चढले की पुन्हा उतरणार नाहीत, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

गेनूभाऊ उठले, गाल पुसला.

"सुतारानं रंधा मारला?"

"दोनदा."

"गाडी घसरली म्हनून गाडी तासायची व्हय? दार बेस हाय, सायेब. खालचं खचलंय. पागोळ्यांनी उंबऱ्याखालची माती न्हेली, मधी अर्धा इंच खड्डा हाय. चाक तितं जाऊन बसतंय."

मी फूटपट्टी लावली. अर्धा इंच भरला.

दुसऱ्या दिवशी ते पहार आणि टोपलीभर खडी घेऊन आले. उंबरा उचलायचा, खाली खडी ठोकून बसवायची, वाटीभर पाणी ठेवून पातळी बघायची, पुन्हा ठोकायची. पण काम सुरू करण्याआधी त्यांनी शालिनीकडून लाल खण मागून घेतला आणि अप्पांच्या डाव्या हातात दिला.

"आबा, हे निशान तुमी धरा. तुमी खाली घेस्तवर हितनं कुनी जायाचं न्हाई. तुमचा ल्योक आला तरीबी न्हाई."

अप्पांनी ती कामगिरी अक्षरशः पाळली. माझी छत्री व्हरांड्यात राहिली होती आणि मला वडगावच्या कचेरीत जायचं होतं.

"अप्पा, फक्त छत्री."

"लाल आहे."

"एक मिनिट."

"तुला लहानपणीही लाल शाईचा धाक नव्हता."

मी मागच्या दाराने, घराला वळसा घालून छत्री आणली. गाडी चुकली.

संध्याकाळी खडी ठोकून झाली, पण दार पूर्ण उघडायला गेनूभाऊंनी मनाई केली. नव्या खडीवरून गाडी हळू न्यायची असते. पहिल्या दिवशी चार इंच, मग रोज थोडं थोडं वाढवत आठ दिवसांनी पूर्ण. बंधन मोडलं जात नाही ना, हे बघायला ते रोज कार्ल्याहून येत.

"वाळत घातलेले कपडे भिजले तरी चार इंच?" शालिनीने विचारलं.

"घाटात मेल थांबती, वैनी. तुमचं धोतर-लुगडं का न्हाई थांबनार?"

आठव्या दिवशी त्यांनी पुन्हा पालथं पडून पाहिलं, उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. अप्पा दारापाशी गेले. काठी काखेत धरली, डावा हात मुठीला लावला. दार निघालं. अकरा इंच आले; दार तिथे थांबलं नाही. अप्पा बाहेर गेले, दार त्यांनी मागे ओढून घेतलं आणि खुर्चीत जाऊन बसले. आम्ही तिघं काचेतून त्यांची पाठ बघत राहिलो.

"काय म्हनत्यात?" गेनूभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग बसलं बगा."

त्यानंतर अप्पा सात वर्षं आमच्याकडेच होते. गेनूभाऊ त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. अखेरच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले, "हितं खचलंय, सायेब. हितं खडी न्हाई मारता येत." आणि स्वतःच हसले.

मजुरीचं सांगायचं राहिलं. त्या आठव्या दिवशी अर्ध्या तासाने अप्पा व्हरांड्यातून आत आले. मी खिशात हात घातला होता.

"तू नको," अप्पा म्हणाले. "मुकादम, किती?"

"सात द्या."

"टोपलीभर खडीचे सात?"

"आठ दिस खेपा घातल्या, आबा."

"खेपा चहासाठी होत्या. रोज दोन कप. सहा."

"वैनींच्या चहात साखर किती असती, ते बी धरा की."

शालिनीने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. दोन वर्षांत अप्पांनी कोणाशी एवढी घासाघीस केली नव्हती.

साडेसहावर तोडगा निघाला. अप्पांनी कमरेची पिशवी काढली, दातांनी तिचा बंद सोडला आणि डाव्या हाताने एकेक नोट, एकेक नाणं बाहेर काढलं. बराच वेळ लागला. गेनूभाऊ तळहात पुढे करून, मुळीच न हलवता उभे होते. शेवटचं पन्नास पैशांचं नाणं पडलं, तेव्हा त्यांनी मूठ मिटली, ती कपाळाला लावली आणि पागोटं उचललं. सहा रुपये पन्नास पैसे; दिले अप्पांनी, घेतले गेनू मुकादमांनी.