शिप, शीप आणि पानशेतचा फोन

भोरच्या एसटी स्टँडजवळ, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर, ‘शुद्ध इंग्रजी उच्चार’ शिकवणारा क्लास निघाला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. शुद्ध म्हणे! आमच्याकडे दूध शुद्ध मिळायची मारामार. पण पानशेतच्या एका रिसॉर्टला काउंटरवर मुलगी हवी होती आणि धाकट्या बहिणीनं इंग्रजी शिकून ती नोकरी मिळवायचीच असं मनाशी धरलं होतं. नोकरी नाही लागली तर यंदा लग्न, असं वडिलांनी तिला बजावलं होतं.

म्हणून ती आमच्या मार्गासनीहून नसरापूरला आणि तिथनं एसटी बदलून भोरला जायची. एकदा तिला आणायला गेलो तेव्हा तो तमाशा मी डोळ्यांनी पाहिला. प्रत्येकीच्या हातात आरसा. ओठ ताणले की शीप, म्हणजे मेंढी. सैल सोडले की शिप, म्हणजे जहाज. आमच्या तालुक्यात जहाज कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. मेंढरं रस्त्यावरनं रोज जातात, पण त्यांना हाकलताना कुणी आरसा धरत नाही.

सर आमच्याच भागातल्या सारोळ्याचे. पुण्यात थोडे दिवस काढून अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले. एका पोरीच्या तोंडून चुकून ‘न्हाई सर’ गेलं, तर म्हणाले, “तुमचं मराठी तरी धड आहे का? न्हाई आणि व्हय म्हणणाऱ्या जिभेला इंग्रजी काय झेपणार!” पोरी हसल्या. माझी बहीण हसली नाही. मला त्या माणसाला माडीवरनं खाली ढकलावंसं वाटलं.

बहीण मूळची लई बोलकी. एसटीत बसली की कंडक्टरला मुलंबाळं किती ते विचारून घ्यायची. क्लास लागल्यापासून मात्र तोंड उघडण्याआधी थांबायला लागली, ओठ जुळवायला लागली. आई मला म्हणाली, “हिची दाढ दुखती का काय रं?”

मुलाखतीला मीच तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. मालक साधा माणूस. तो काही विचारणार तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. “घे की,” तो म्हणाला. पलीकडे पुण्याचे पाहुणे होते. आवाज मोठा, मलाही ऐकू आला. चक्क मराठीत विचारत होते, “आम्ही पाबे घाट उतरलोय. आता कुठं वळायचं?”

त्या घाटापलीकडं आमची आत्या दिलेली. ही लहानपणापासून त्या रस्त्यानं गेलेली. डोळे बांधले तरी फाटा सांगितला असता. पण हिनं ओठ ताणले, मग सैल सोडले. शब्द काही बाहेर पडेना. पाहुणे “हॅलो, हॅलो” करत राहिले. शेवटी मालकानं फोन घेतला आणि रस्ता सांगितला. मग तिच्याकडे वळून, न रागावता म्हणाला, “ताई, हितं बोलणारं माणूस पायजे.”

नोकरी हातची गेली. नंतर त्या सरांना भेटून झापलं, तर म्हणतात कसे, “पण तिचा शीप अगदी परफेक्ट होता हो!” शिकवायची अक्कल नाही ती नाहीच, वर ही मिजास.

त्या दिवशी पानशेतहून परतताना ती माझ्या मागं बसली होती. घाटात गाडी थांबवून मी म्हणालो, “अगं, सरळ मराठीत सांगायचं होतंस.”

तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“दादा,” ती म्हणाली, “पर माझं मराठी बरोबर हाय का रं?”