प्लॅस्टिकातली थोरली

आमचा थोरला भाऊ बारामतीत राहायला गेला आणि शहाणा झाला. इंदापूर तालुक्यात, पळसदेवला होता तोवर बरा होता, म्हणजे आमच्याएवढाच येडा होता. बारामतीत बंगला बांधला, दारात कुंड्या मांडल्या आणि दादाला नवीच खोड लागली. आलेल्या माणसाला हॉलमधल्या वस्तू दाखवत बसायचं. चहा निवून जायचा, पण ह्याचं दाखवणं सरायचं नाही.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली पेपरातली जाहिरात बघून त्यानं व्हीपीनं जुन्या नाण्यांचा सेट मागवला. पाटीएवढी प्लॅस्टिकची पारदर्शक डबी, आत मखमलीचा आव आणणारा लाल पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत ‘वैभवशाली वारसा’. डोंबलाचा वारसा! त्यातला भोकाचा पैसा बघून मला हसूच फुटलं. असले पैसे आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गोठ्याचे पत्रे ठोकताना खिळ्यांखाली वायसर म्हणून घातले होते. डोक्यावरचं सोडून ह्यानं तेच टपालानं मागवलं आणि सोबत आलेलं सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं. शिकलेल्या येड्याला औषध नसतं.

त्या पुठ्ठ्यात एक खोबण मुद्दाम रिकामी ठेवली होती. इथं तुमच्या घरचा चांदीचा रुपया बसवा, असं खाली छापलेलं. झाकण एकदा दाबलं की परत उघडत नाही म्हणे, आत हवा जात नाही, नाणं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. दिवाळीला दादा गावी आला तेव्हा आई रानात गेली होती. ह्यानं देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया उचलला, खिशात टाकला आणि बारामतीला नेऊन त्या खोबणीत बसवला. वर झाकण दाबून डबी हॉलच्या भिंतीवर टांगली. कुणाला विचारायची पद्धत त्याच्याकडं कधी नव्हतीच.

तो रुपया काय होता ते सांगते. आबांची पहिली बायको दादा पाळण्यात असताना वारली. मग आबांनी माझ्या आईशी लग्न केलं. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक पुजायचा असतो. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्ती. पण आबांचं सोनाराकडं जाणं काही झालं नाही. त्यांनी घरातला राणीछाप रुपया काढला आणि म्हणाले, बाईचं तोंड हाय की ह्याच्यावर, झालं. अशी ती विलायतेची राणी आमच्या देव्हाऱ्यात थोरली होऊन बसली. आई तिला रोज आंघोळ घालायची, हळदीकुंकू लावायची, भाकरीचा पहिला तुकडा तिला दाखवायची. कुणाला हसायचं तर खुशाल हसावं. पुढं आबा गेले तेव्हा आईचं कुंकू गेलं, थोरलीचं राहिलं. ती सवाष्णच गेलेली, तिचं कोण कशाला पुसेल?

दादाला हे ठाऊक नव्हतं का? पहिली आई होती आणि ती गेली, एवढं ठाऊक होतं. पण देव्हाऱ्यात काय मांडलंय हे आमच्यातला कुठला पुरुष वाकून बघतो? नैवेद्य दाखवून झाला का, एवढंच विचारायचं आणि पाट ओढून बसायचं.

आईनं रुपयाच्या जागी सुपारी मांडून बघितली. घास घशाखाली उतरेना. शेवटी वडगाव निंबाळकरला, माझ्या सासरी, निरोप आला. बारामतीच्या स्टँडवर मी तिला गाठलं आणि दोघी दादाच्या बंगल्यावर गेलो.

आई सोफ्यावर बसलीसुद्धा नाही. माझा रुपया काढून दे म्हणाली. दादानं तिला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. सील फोडलं की सेट मातीमोल होतो. शिवाय चिंच नि राख लावून लावून तू राणीचं नाक घालवलंयस, आत आहे तोवर सुरक्षित तरी आहे. जन्मात कधी घरात एक भांडं न घासलेला माणूस हे सांगत होता! वहिनी चहाचं निमित्त करून आत सटकली. मी तोंड उघडलं, पण आईनं हातानंच मला गप्प केलं.

तिनं कमरेची चंची सोडली, थोरलीची कुंकवाची पुडी काढली. बोट ओलं केलं आणि भिंतीवरच्या त्या डबीवर, बरोबर थोरलीच्या तोंडासमोर, ठसठशीत कुंकू लावून हात जोडले.

दादाचा जीव प्लॅस्टिकात अडकलेला. चरे पडतील, डाग पडेल, असं पुटपुटत त्यानं टीव्ही पुसायचं पिवळं फडकं उचललं आणि ते कुंकू पुसून टाकलं. वर मान तिरकी करून चकाकी आली का तेही बघितलं.

आईनं फडक्यावरचं कुंकू बघितलं.

‘तुजा बाप गेला तवा माजं पुसलं,’ ती म्हणाली. ‘तिचं कुणी पुसलं न्हवतं. आज तिच्या पोटच्यानं पुसलं.’

दादा फडकं धरून उभा राहिला. रुपयाकडं बघायचा, आईकडं बघायचा. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तोंड पांढरंफटक झालं. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली.

मग तो आत गेला, खलबत्त्यातला बत्ता घेऊन आला, डबी भिंतीवरनं काढून फरशीवर ठेवली आणि हाणायला लागला. झाकण फुटलं. वारसा हॉलभर घरंगळला, भोकाचा पैसा सोफ्याखाली गेला, तरी त्यानं तिकडं बघितलं नाही. थोरलीला तळहातावर घेऊन तो फरशीवरच बसला. चाळिशीला टेकलेला, गावाला अक्कल शिकवणारा माणूस.

‘आई,’ तो म्हणाला, ‘हिचं नाव काय होतं गं?’

आईनं त्याच्या हातातनं रुपया काढून घेतला.

‘थांब. आदी तिला आंघूळ घालू दे.’