व्याह्यांशी भांडण, बेसबॉलवरून

मुलीच्या बापाने व्याह्यांशी भांडू नये, हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला आणि कोणत्या राजपत्रात प्रसिद्ध झाला, याचा मी पुष्कळ शोध घेतला आहे. तो कोठेही नमूद नाही. तरीही माझ्या सबंध वकिलीत इतक्या कडक अंमलबजावणीचा दुसरा कायदा मी पाहिलेला नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ॲन आर्बरला मुलीच्या घरी आम्ही चौघे एकाच वेळी जमलो होतो. आम्ही उभयता पुण्याहून, व्याही आणि विहीणबाई नागपूरहून. नात नुकतीच जन्मली होती. मुलगी विद्यापीठात संशोधन करीत असे, जावई संगणकाच्या नोकरीत. व्याही पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले; धरणाला जितका वेळ द्यावा लागतो तितकाच वेळ घेऊन ते एकेक वाक्य बांधीत. आल्यापासून आठवड्याभरातच त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, "ऑक्टोबरात आम्ही जाऊ तेव्हा बाळाला घेऊनच जातो. दीड-दोन वर्षं ते नागपूरला राहीन. हे दोघं नोकऱ्या करतीन आरामात. इथं परक्या बाईच्या हाती काहून द्यायचं पोर?"

प्रस्ताव सद्हेतूने मांडला होता, हे मी तेव्हाही मान्य केले असते. पण माझी मुलगी ताटावरून उठली आणि बाळाला घेऊन वरच्या खोलीत गेली. जावई "बघू" म्हणाला. त्या "बघू"चा अर्थ लावण्यात माझे सबंध दोन महिने गेले.

मी हरकत घेण्यासाठी तोंड उघडले, तोच आमच्या सौभाग्यवतींनी टेबलाखालून पाय दाबला. नंतर खोलीत म्हणाल्या, "मुलीचे वडील आहात. त्यांच्यापुढे आवाज चढवायचा नाही. चढवल्याशिवाय राहवतच नसेल, तर त्या टीव्हीवरच्या खेळावरून चढवा."

ही परवानगी मी तोंडी असूनही ग्राह्य धरली.

क्रिकेटवरून भांडणे शक्य नव्हते, कारण क्रिकेटबाबत व्याह्यांचे आणि माझे दुर्दैवाने पूर्ण एकमत होते. बेसबॉलचे मात्र दोघांनाही शून्य ज्ञान असल्याने सामना बरोबरीचा होता. दोघांनाही मोटार चालवता येत नव्हती; कोपऱ्यापर्यंत चालत गेले तरी पुढे आणखी एक तसाच कोपरा लागे. त्यामुळे दुपारी दोघेही टीव्हीसमोर. तेथे एका वाहिनीने प्रेक्षकांकडून कौल मागवला होता: सर्व काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?

उमेदवारांची नावे मी येथे देत नाही. दोघांचेही चाहते हयात आहेत आणि मला नवा पत्रव्यवहार अंगावर घ्यायचा नाही. व्याह्यांचा उमेदवार जुन्या काळातला, धूसर चित्रफितींत दिसणारा फटकेबाज होता. माझा उमेदवार त्या मानाने अलीकडचा. फलंदाजाच्या मागे, तोंडावर जाळी बांधून उकिडवा बसणारा. या खेळात चेंडू कसा टाकायचा हे तोच बोटांच्या खुणांनी सुचवतो, आणि टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात. मी आयुष्यभर ज्येष्ठ वकिलांच्या मागे बसून चिठ्ठ्या पुढे सरकवल्या आहेत. माझे मत तत्काळ पक्के झाले.

"काय सांगून राहिले, वकीलसाहेब!" व्याही म्हणाले. "चेंडू मैदानाबाहेर धाडणारा मोठा, का खाली बसून झेलणारा?"

"साहेब, सबंध सामनाभर असे उठून-बसून दाखवा, मग बोला. त्या माणसाच्या गुडघ्यांना मानपत्र दिले पाहिजे."

"गुडघ्यांना कोणी मत देते का जी?"

"दोघांचा एरा वेगळा आहे यार," जावई लॅपटॉपमागून म्हणाला. "कंपेअरच नाही करता येत."

सासऱ्याला "यार" म्हटल्याची मी मनातल्या मनात नोंद घेतली आणि पुढे गेलो.

वाद वाढला तसा तो लेखी झाला. मी सकाळी माझे म्हणणे मुद्देनिहाय लिहून फ्रिजवर चुंबकाने लावी; व्याही त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर देत, शेजारी धरणाच्या छेदासारखी आकृती काढून. एका घरात राहून आम्ही असा पत्रव्यवहार करीत होतो आणि मुख्य विषयावर अवाक्षर काढत नव्हतो. दरम्यान ऑक्टोबर जवळ येत होता. बाळाच्या पासपोर्टचे फोटो काढून झाले. त्या दिवशी मुलीने जेवायला नको म्हटले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी वाहिनीने निकाल जाहीर केला. व्याह्यांचा फटकेबाज पहिला. माझ्या उमेदवाराचे नाव वाचलेसुद्धा नाही.

व्याही सोफ्यावर मागे रेलले. "झालं की नाही? निकाल म्हणजे निकाल."

मी उभा राहिलो. "कसला निकाल? तुमचा हा माणूस ज्या काळात खेळला त्या काळात काळ्या खेळाडूंना त्या मैदानात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती! ज्यांनी त्याला बाद केले असते त्यांना दाराबाहेर उभे केले आणि आत याला श्रेष्ठ ठरवले. याला आम्ही एकतर्फी हुकूमनामा म्हणतो, साहेब! ज्याच्यावर परिणाम होणार त्याला नोटीस नाही, त्याची बाजू ऐकलेली नाही, आणि म्हणे निकाल! असला निकाल मी कोणत्याही कोर्टात टिकू देणार नाही! बाप असेन मुलीचा, पण—"

येथे मी थांबलो, कारण शेवटचे वाक्य बेसबॉलचे नव्हते.

सौभाग्यवतींनी डोळे मिटले. टीव्हीवर मोटारीची जाहिरात चालू होती. मुलगी जिन्यात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. कधीपासून, ठाऊक नाही.

"अण्णा," ती सासऱ्यांना म्हणाली, "मला नोटीस मिळालेली नाही."

व्याही वाक्य बांधू लागले. तिने थांबून वाट पाहिली नाही. "बाळ इथेच राहील. डेकेअर मी बघून आलेय. मला हिला सोडून नाही राहता येणार."

"अवो पण, आम्ही तर तुझ्याचसाठी... ही तिकडं सांभाळणार होती ना!" व्याह्यांनी साक्षीदार म्हणून विहीणबाईंकडे पाहिले.

विहीणबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दोन महिने ऐकून राहिली मी. त्या बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचं केवढं कौतुक चाललंय या घरात! पोर रांगायला लागलं की मागं मागं खाली वाकणार कोण? माझ्या गुडघ्यांना विचारलं का कोणी?"

प्रथम जावई हसला. मग आमच्या सौभाग्यवती. मुलगी हसता हसता रडू लागली, तेव्हा विहीणबाईंनी हात पदराला पुसून बाळ आपल्याकडे घेतले.

व्याह्यांनी टीव्ही बंद केला. मग मुलीला म्हणाले, "बरं. बाळ इथंच राहीन. फोटो वाया जाऊ देऊ नको, मला दे एक." आणि माझ्याकडे वळून, आता पुरता आवाज चढवून, "पण तुमचा तो बसणारा माणूस श्रेष्ठ नाही म्हणजे नाही, वकीलसाहेब!"

निकालाच्या पहिल्या भागाविषयी माझी तक्रार नव्हती. दुसऱ्या भागाविरुद्ध मी त्याच संध्याकाळी सविस्तर लेखी हरकत फ्रिजवर लावली. व्याह्यांनी ती काढली, न वाचता चौघडी केली आणि गरम वरणाच्या पातेल्याखाली ठेवली. मी दुसरी प्रत लिहावयास बसलो.